टॉवेल कारखान्याच्या अॅपमध्ये फाइल मॅनेजर आणि अपलोडर बसवायचाय, मोठी फाइल टाकली की लॉगिनच उडतंय

जुळेसोलापूर_कोडर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे, त्यांचं ऑर्डरीचं वेब अॅप मी एकटाच सांभाळतो. साधं पीएचपी, मायएसक्यूएल, शेअर्ड होस्टिंगवर अपाची. ऑर्डर, सूत, डाइंगला गेलेला माल, डिस्पॅच एवढं वर्षभर नीट चाललंय. आता मालकांना त्यातच फाइल मॅनेजर पाहिजे. कारण डिझायनर ग्राफच्या (विणीच्या नकाशाच्या) फाइली व्हॉट्सअॅपवर टाकतात, बायर लेबलचं आर्टवर्क मेलवर पाठवतो, चेकिंगच्या मावश्या डागाचे फोटो आपापल्या मोबाइलवर काढून ठेवतात आणि लूमवर काय चढवायचं हे विचारायला सुपरवायझर दिवसातनं दहा फोन करतो. मालकांचं म्हणणं एकच, फाइल कुठंय हे मला कुणाला विचारायला लागू नये.

मी एक तयार अपलोडर बसवला. फाइल ओढून टाकायची चौकट, खाली प्रोग्रेसची पट्टी, दिसायला झकास. फोटो जातात, पीडीएफ जातात. पण परवा डिझायनरने जेकार्डची (लूमवर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) बीएमपी टाकली तर पट्टी शंभर टक्क्यापर्यंत गेली आणि पुढं 'सेशन संपले आहे, पुन्हा लॉगिन करा'. पाच वेळा केलं, पाचही वेळा बाहेर. सर्व्हरच्या लॉगमध्ये मला काही सापडलं नाही. होस्टिंगच्या पॅनलमधनं अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ ६४ एमबी केलंय, कोडमध्ये इनी_सेटपण (सेटिंग कोडमधनं बदलायची आज्ञा) टाकून बघितलं. फाइल फक्त ८ एमबीच्या आसपास आहे. दोन दिवस डोकं लावतोय, कुणाला काही सुचतंय का?

पार्कचौक_पीएचपी

पोस्ट_मॅक्स_साइझ किती आहे बघ आधी.

जुळेसोलापूर_कोडर

ते नाही बघितलं. मूळचंच असेल, ८ एमबी.

पार्कचौक_पीएचपी

मग हेच. अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ मूळ २ एमबी असतं, पोस्ट_मॅक्स_साइझ ८ एमबी. पहिलं एका फाइलीचं, दुसरं अख्ख्या फॉर्मचं. तू पहिलं वाढवलंस, दुसरं तसंच राहिलं. आता गंमत अशी की फाइल पहिल्या मर्यादेत अडकली तर पीएचपी तुला सरळ एरर नंबर १ देतं, पण अख्खा फॉर्म दुसऱ्या मर्यादेच्या वर गेला तर पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अॅरे (फॉर्ममधनं आलेलं सगळं जिथं मिळतं त्या याद्या) रिकामे येतात. रिकामे म्हणजे एकदम रिकामे. त्यात तुझं सीएसआरएफ टोकनपण (फॉर्म तुझ्याच पानावरनं आलाय हे ओळखायची खूण) गेलं. तुझ्या कोडने बघितलं टोकन नाही, त्याने गड्याला बाहेर काढलं. सेशन संपलेलंच नाही, टोकन पोचलं नाही.

इनी_सेटचा इथं उपयोग नाही, कारण तुझी पहिली ओळ चालायच्या आधीच फाइल येऊन गेलेली असते. होस्टिंगवर पीएचपी फास्टसीजीआयने चालत असेल तर फोल्डरात डॉट युझर डॉट इनी फाइल ठेव, त्यात दोन्ही आकडे लिही, पोस्टवाला थोडा मोठा. आणि लगेच फरक दिसला नाही म्हणून घाबरू नकोस, ती फाइल ३०० सेकंद कॅशमध्ये राहते, पाच मिनिटं थांबायचं.

शिवाय कोडमध्ये सगळ्यात वर एक तपासणी टाक, कंटेंट लेंग्थ शून्यापेक्षा मोठी आणि पोस्ट रिकामं असेल तर 'फाइल फार मोठी आहे' असं मराठीत सांग. माणसाला लॉगिनच्या पानावर ढकलणं वाईट, त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

जुळेसोलापूर_कोडर

भाऊ, लई उपकार. फाइलीचा नेमका आकार बघितला, ८६,०२,६७८ बाइट. आणि ८ एमबी म्हणजे ८३,८८,६०८. म्हणजे दोन लाखाने अडलं.

पण तुमचं उत्तर यायच्या आधीच मी दुसरा मार्ग काढला होता. अपलोडरमध्ये फोटो ब्राउझरमध्येच लहान करून पाठवायचं सेटिंग आहे, रुंदी १६०० लावली, आता बीएमपी दोन सेकंदात जाते. म्हणजे काम झालं म्हणायचं, तरी युझर डॉट इनी पण करून ठेवतो.

पुठ्ठेवाला

थांबा. ती फाइल लूमवर चढवू देऊ नका.

मी या धाग्यावर फक्त वाचायला आलो होतो पण राहवलं नाही. मी पंचवीस वर्षं साखरपेठेत जेकार्डचे पुठ्ठे (नक्षीप्रमाणे भोकं पाडलेली कार्डं) मारले, आता कॉम्प्युटरवर ग्राफ करतो. बाळा, ती बीएमपी म्हणजे फोटो नाही. त्यात आडवा एक ठिपका म्हणजे जेकार्डचा एक हुक आणि वरनं खाली मोजली तर एक ओळ म्हणजे एक पिक, आडवा एक धागा (टेरीत म्हणजे टॉवेलच्या विणीत तीन पिकांचा हिशोब वेगळा बसतो, तो आत्ता सोडा). २६८८ हुकांचं मशीन असेल तर फाइल २६८८ ठिपकेच रुंद पाहिजे, एक कमी नाही एक जास्त नाही. आणि त्यातला रंग म्हणजे रंग नव्हे, रंग म्हणजे वीण. लाल दिसलं तिथं पाइल (टॉवेलचे फासे) वर, निळं दिसलं तिथं जमीन, हिरवं तिथं काठाची वीण. टॉवेल पांढराच असतो, फाइल रंगीबेरंगी असते.

तुम्ही रुंदी १६०० केली म्हणजे हजारावर हुक गायब केले. आणि लहान करताना दोन ठिपक्यांच्या मधला रंग कॉम्प्युटर स्वतः बनवतो, लाल आणि निळ्याच्या मध्ये जांभळं. जांभळ्याची वीणच कुणी दिलेली नाही. सहा रंगांची फाइल उघडली तर त्यात शेकडो रंग निघतील, बघा मोजून.

व्हॉट्सअॅपवर पण हेच होतं म्हणून आम्ही फोटो म्हणून कधी पाठवत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. नवीन पोरं विसरतात.

जुळेसोलापूर_कोडर

काका, तुम्ही म्हणालात ते शब्दन् शब्द खरं निघालं.

सर्व्हरवर गेलेली फाइल हेक्समध्ये (बाइटांचे आकडे दिसतील अशी) उघडली. बीएमपीचे पहिले दोन बाइट 'बीएम' पाहिजेत, म्हणजे ४२ ४डी. इथं ८९ ५० ४ई ४७ होते. ती पीएनजी आहे! नाव बीएमपी, आत पीएनजी. नंतर शोधलं तर कळलं, ब्राउझरच्या कॅनव्हासला (चित्र लहान करतो तो भाग) बीएमपी लिहिता येत नसेल तर तो गुपचूप पीएनजी देतो, आणि अपलोडरने नाव मात्र जुनंच ठेवलं. रंग मोजले, मूळ फाइलीत ६, याच्यात ४१२.

लहान करायचं सेटिंग लगेच बंद केलं. कारखान्यात फोन केला, सुपरवायझरने अजून फाइल उतरवली नव्हती. हात थरथरत होते फोन लावताना, खोटं सांगत नाही.

होटगीरोड_ताई

बरं झालं वेळेवर कळलं. माझं मूळ घर होटगी रोडला, काम पुण्यात, आणि कामच हे आहे की लोकांचे अपलोड फॉर्म तपासायचे, म्हणून दोन गोष्टी विचारते. फाइल सर्व्हरवर कुठं ठेवतोस? आणि नाव कसं साफ करतोस?

जुळेसोलापूर_कोडर

ताई, पब्लिक फोल्डरच्या आत अपलोड्स म्हणून फोल्डर आहे तिथं. नावातनं इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश, टिंब सोडून बाकी सगळं काढून टाकतो, सुरक्षित राहावं म्हणून.

आणि एक विचारायचंच राहिलं, एल्फाइंडर सारखा तयार फाइल मॅनेजर टाकला तर कसं? फोल्डर, कॉपी, पेस्ट, उजवं क्लिक सगळं आयतं मिळतंय. मालकांना दाखवलं तर खूश होतील.

होटगीरोड_ताई

आधी नावाचं बघू. डिझायनरने 'मोर.बीएमपी' टाकली. देवनागरी सगळी उडाली. काय उरलं? टिंब आणि बीएमपी. मग 'गुलाब.बीएमपी' टाकली, काय उरलं? तेच. दुसरीने पहिलीला खाल्लं. शिवाय लिनक्सवर टिंबाने सुरू होणारं नाव म्हणजे लपवलेली फाइल, साध्या यादीत दिसणारच नाही. तुझ्याकडं आधीच काही गेलंय का बघ.

आता तयार मॅनेजरचं. एल्फाइंडर वाईट नाही, पण तो सर्व्हरच्या फोल्डराची चावी ब्राउझरमध्ये देतो, आणि ती चावी कुणाच्या हातात आहे ते बघणं तुझं काम असतं. सप्टेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसच्या 'फाइल मॅनेजर' नावाच्या प्लगइनमध्ये हेच झालं. सात लाखांवर साइटींवर ते होतं. एल्फाइंडरसोबत नमुना म्हणून एक कनेक्टर फाइल येते, ती चालू नये म्हणून तिचं एक्स्टेन्शन वेगळं ठेवलेलं असतं, प्लगइनवाल्यांनी ते बदलून डॉट पीएचपी केलं. झालं, लॉगिन न करता कुणीही त्या फाइलीला हाक मारायची आणि आपली पीएचपी फाइल चढवायची. ६.९ मध्ये दुरुस्त केलं, तोवर हल्ले सुरू झाले होते.

त्याच्या आधी ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्ल्यूइम्पच्या जेक्वेरी फाइल अपलोडचं प्रकरण बाहेर आलं. त्यांनी भिस्त ठेवली होती एचटीअॅक्सेसवर (फोल्डरापुरते नियम लिहायची अपाचीची फाइल), की या फोल्डरात पीएचपी चालणार नाही. पण अपाचीने २.३.९ पासून एचटीअॅक्सेस वाचणं मुळातच बंद ठेवलेलं. म्हणजे कुलूप लावलेलं दिसतंय पण कडीच नाही, आणि हे वर्षानुवर्षं तसंच.

म्हणून सांगते, अपलोड्स फोल्डर पब्लिकच्या बाहेर काढ. फाइलीला नाव तुझं दे, सोळा रँडम बाइटांचं. माणसाने दिलेलं नाव डेटाबेसमध्ये जसंच्या तसं ठेव, मराठी असो, तेलुगू असो, त्याला हात लावू नकोस.

जुळेसोलापूर_कोडर

ताई, गेलंय.

दिवाळीच्या आधी एक ऑर्डर होती. मोराच्या जागी गुलाबाची किनार लूमवर चढली होती, चाळीस टॉवेल विणून झाल्यावर चेकिंगला कळलं. तेव्हा सगळ्यांनी डिझायनरला बोल लावला की तूच चुकीची फाइल टाकलीस. तो वयस्कर माणूस आहे, फाइलींना तेलुगूत नावं देतो, 'नेमली' म्हणजे मोर. तो म्हणत होता मी बरोबर टाकली, कुणी ऐकलं नाही. आज फोल्डरात लपलेल्या फाइली दाखवायला लावल्या तर एकच फाइल, टिंब बीएमपी. चूक माझ्या कोडच्या एका ओळीची होती.

उद्या जाऊन मालकांच्या समोर सांगणार आहे आणि डिझायनरची माफी मागणार आहे.

पुठ्ठेवाला

जा बाळा. त्या माणसाला बरं वाटेल.

सातरस्ता_स्टुडंट

मी सेकंड इयरला आहे, एक विचारू का, रँडम नाव दिलं तर मालकांना फोल्डर कसे दिसणार? फाइल मॅनेजर म्हणजे फोल्डरच ना?

पार्कचौक_पीएचपी

चांगला प्रश्न. फोल्डर डेटाबेसमध्ये असतो, डिस्कवर नाही. फाइल्स नावाचं टेबल, त्यात आयडी, ऑर्डर नंबर, प्रकार (ग्राफ, लेबल, डागाचा फोटो), मूळ नाव, डिस्कवरचं नाव, आकार, शा-२५६ हॅश (फाइलीचा अंगठ्याचा ठसा समज), कुणी टाकली, कधी टाकली, काढली असेल तर कधी काढली. संपलं. माणसाला फोल्डर दिसतो तो क्वेरीतनं बनतो. नाव बदललं तर एक रकाना बदलतो, डिस्कवर काही हलत नाही. डिलिट केलं तर तारीख पडते, फाइल महिनाभर तिथंच. हॅशमुळं तीच फाइल दुसऱ्यांदा आली तर कळतं.

आणि खरं सांगू का, कारखान्यात कुणाला फोल्डर नको असतात. सुपरवायझरला ऑर्डर उघडली की तिथंच खाली ग्राफ दिसला पाहिजे, बस. फोल्डरात फोल्डर दिलेस की सहा महिन्यांनी 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल पक्का' अशी गर्दी होते. त्यापेक्षा एका ग्राफला व्हर्जन १, २, ३ दे आणि लूमवर चढलेल्या व्हर्जनवर खूण कर. उजवं क्लिक, कॉपी, पेस्ट यातलं काही लागत नाही, मी तीन ठिकाणी केलंय हे.

होटगीरोड_ताई

हे एकदम बरोबर. एक भर घालते. फाइल देताना स्क्रिप्टमधनं दे आणि प्रत्येक वेळी विचार की हा माणूस या ऑर्डरचा आहे का. नुसतं लॉगिन आहे म्हणून देऊ नकोस. बायरला लिंक दिली, त्याने पत्त्यातला ५७ काढून ५८ घातला आणि दुसऱ्या बायरचं डिझाइन उघडलं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता तपासणी तिथनंच सुरू करते. सोलापुरात डिझाइन फुटणं म्हणजे काय ते काका सांगतील.

डाउनलोडच्या हेडरमध्ये मराठी नाव द्यायचं असेल तर फाइलनेम पुढं चांदणी असलेला प्रकार वापर, यूटीएफ-८ वाला, नाहीतर नावाच्या जागी कचरा येतो. नोस्निफ हेडर लाव, म्हणजे ब्राउझर फाइलीचा प्रकार आपल्या मनाने ठरवत नाही. आणि बायर लेबल एसव्हीजीमध्ये पाठवत असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडू देऊ नकोस, डाउनलोडच होऊ दे, एसव्हीजीच्या आत स्क्रिप्ट बसते.

पुठ्ठेवाला

डिझाइन फुटणं म्हणजे तुमची किनार पुढच्या महिन्यात शेजारच्या शेडमध्ये विणलेली दिसणं. पुठ्ठ्याच्या काळात आम्ही माळ मोजून कुलपात ठेवायचो. एक पुठ्ठा कमी भरला तरी रात्री घरी जायचो नाही.

बाळा, तुझ्या कोडला फाइल वाचून रुंदी सांगता येते का? फाइल टाकल्या टाकल्या 'हुक २६८८, ओळी ३२००, रंग ६' एवढं लिहून आलं तर डिझायनरला तिथंच कळेल चुकलं का बरोबर.

जुळेसोलापूर_कोडर

काका, येतं की! आणि फार सोपं निघालं. बीएमपीच्या डोक्यातच सगळं असतं. शून्यापासून मोजलं तर अठराव्या बाइटपासून चार बाइट रुंदी, बाविसाव्यापासून चार बाइट उंची, अठ्ठाविसाव्यापासून दोन बाइट म्हणजे एका ठिपक्याला किती बिट. सगळं धाकटा बाइट आधी. उंची कधीकधी मायनस येते, ती चूक नव्हे, चित्र वरनं खाली लिहिलंय एवढाच अर्थ. रंगांचा आकडा मात्र हेडरवरनं घेता येत नाही, तिथं शून्य असू शकतो आणि ८ बिटमध्ये शून्याचा अर्थ २५६, म्हणून ठिपके मोजावे लागतात.

आकारपण जुळतो बघा, २६८८ गुणिले ३२०० म्हणजे ८६,०१,६००, वर १०७८ बाइट हेडर आणि रंगांची यादी. मिळून ८६,०२,६७८. म्हणजे वरचा तो आकडा. एका ठिपक्याला एक बाइट.

आता मशीन मास्टरमध्ये हुकांचा आकडा आहेच, तो जुळला नाही तर लाल पट्टीत लिहून येतं आणि फाइल 'लूमसाठी तयार' होत नाही. यादीत दाखवायला छोटं चित्र वेगळं बनवतो. मूळ फाइलीला कुणीच हात लावत नाही, आली तशी जाते.

काल कारखान्यात गेलो होतो. डिझायनर गारूंना (गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव') मालकांच्या केबिनमध्ये बोलावून सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मालक म्हणाले चाळीस टॉवेलचा हिशोब मी विसरलो, पण यांना मी बोललो ते मला विसरता येणार नाही.

एकच अडचण राहिली. शेडमध्ये मोबाइलचं नेट, मध्येच जातं, आणि लाइट गेली की राउटरपण. ८ एमबी पुन्हा पहिल्यापासून.

पार्कचौक_पीएचपी

तुकडे कर. ब्राउझरमध्ये फाइल स्लाइस करता येते. २ एमबीचा एक तुकडा, तुझी फाइल पाच तुकड्यांत जाईल, शेवटचा छोटा. प्रत्येक तुकडा ८ एमबीच्या आत म्हणजे तो पोस्टचा आकडापण वाढवायला लागत नाही. नेट गेलं की आल्यावर आधी सर्व्हरला विचारायचं, तुझ्याकडं कुठवर पोचलंय, आणि तिथनं पुढं. टस नावाचा प्रोटोकॉल नेमका हाच, हेड रिक्वेस्ट टाकली की अपलोड-ऑफसेट सांगतो, पॅचने पुढचं पाठवायचं. तयार लायब्ररी आहे, अपी नावाचा अपलोडर त्याच्याशी बोलतो. सगळे तुकडे जुळल्यावर हॅश मोज, ब्राउझरमध्ये मोजलेल्याशी जुळला तरच टेबलात नोंद कर. अर्धवट राहिलेले तुकडे रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) झाडून काढ, नाहीतर डिस्क भरते आणि कशाने भरली ते कळत नाही.

जुळेसोलापूर_कोडर

आठवड्याने लिहितोय. बसवलं, चाललंय. काल दुपारी लाइट गेली तेव्हा तिसरा तुकडा चालू होता. वीस मिनिटांनी आली, गारूंनी तीच फाइल परत निवडली आणि पट्टी चाळीस टक्क्यापासून पुढं गेली. ते खुर्चीतनं उठून सुपरवायझरला दाखवायला घेऊन आले.

यादीत 'नेमली' तेलुगूतच दिसतंय.

पुठ्ठेवाला

ऐकून बरं वाटलं. आता माझं एक काम. घरी ट्रंकेत जुने ग्राफचे कागद आहेत, हाताने रंगवलेले, माझ्या वडिलांच्या हातचेपण आहेत. मुलगा म्हणतो स्कॅन करून तुमच्यासारखं कुठंतरी ठेवू. ए-वन आकाराचा कागद. किती मोठी फाइल होईल, आणि जेपीजी चालेल का?

जुळेसोलापूर_कोडर

काका, ए-वन कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला तर ७०१६ गुणिले ९९३३ ठिपके, एका ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे साधारण १९९ एमबी. जेपीजी नको, चौकोनांच्या कडा फुटतात आणि तुम्हाला पुढं चौकोनच मोजायचेत. टिफ करा. २ एमबीचे तुकडे केले तर बरोबर १०० होतात, जाईल व्यवस्थित. पार्क चौकात मोठा स्कॅनर असलेलं एक दुकान माझ्या माहितीतलं आहे. रविवारी गाडी घेऊन येतो, कागद गुंडाळू नका, सपाट ठेवा, मी दोन प्लायवूड आणतो मध्ये धरायला.

पुठ्ठेवाला

ये. सकाळी दहाच्या आत ये, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायला सांगतो.